अवकाशयानांचं तंत्रज्ञान आणि प्राध्यापकी: हा पेशा नेमका कसा चालतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएच.डी. संपत आली आहे, विषय विद्युत प्रणोदन, म्हणजे विजेच्या बळावर यान ढकलणारी इंजिनं. पुढे विद्यापीठात राहून अवकाशयानांच्या तंत्रज्ञानावर संशोधन करायचं आहे. हा पेशा वर्षानुवर्षं कसा जातो, विषय कसा धरावा, आधी अंतराळ संस्थेत किंवा कंपनीत काही वर्षं काढावीत का, आणि स्वतः बनवलेलं काही कधी कक्षेत पोहोचेल का?

शेवटचं आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. पोहोचू शकेल. पण कधी, हे तुमच्या हातात नसेल, आणि नेमक्या याच गोष्टीमुळे आमचा पेशा शेजारच्या विभागातल्या प्राध्यापकांपेक्षा वेगळा पडतो. आमच्याकडे तीन वेळापत्रकं एकदम चालू असतात. विद्यार्थ्याला चार-पाच वर्षांत पदवी हवी असते. निधी देणारी संस्था साधारण तीन वर्षांचा हिशेब मागते. मोहीम मात्र दहा, वीस, कधी चाळीस वर्षं घेते आणि मध्येच रद्दही होते. ही तिन्ही कधीच जुळत नाहीत. जुळतील असं धरून काम आखणारा काही वर्षांत मेटाकुटीला येतो. जुळणार नाहीत हे मान्य करून प्रश्नाचे तुकडे पाडायला शिकलेला टिकतो. मी तर म्हणेन, प्राध्यापक म्हणून आमचं खरं कसब हेच: प्रश्न कुठे कापायचा.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रॅव्हिटी प्रोब बी मोहिमेचं. कल्पना 1959-60 च्या सुमाराची. भौतिकशास्त्रज्ञ लिओनार्ड शिफ आणि विल्यम फेअरबँक यांचं विमान-अवकाश विभागातल्या रॉबर्ट कॅनन यांच्याशी यावर बोलणं झालं ते विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावाकाठी. (अशा गोष्टी समितीच्या बैठकीत सहसा होत नाहीत.) पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात जायरोस्कोप (वेगानं स्वतःभोवती फिरणारे गोळे) ठेवायचे आणि आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार त्यांचा अक्ष किती सरकतो ते मोजायचं, एवढंच. यान उडालं 20 एप्रिल 2004 रोजी. अंतिम निष्कर्ष जाहीर झाले 2011 मध्ये. शिफ 1971 मध्ये वारले, फेअरबँक 1989 मध्ये. फ्रान्सिस एव्हरिट 1962 मध्ये तरुण संशोधक म्हणून आले आणि निष्कर्ष जाहीर करायलाही तेच उभे होते. उड्डाणानंतरही विश्लेषणाला वर्षं लागली, कारण टेबल टेनिसच्या चेंडूएवढ्या क्वार्ट्झच्या गोळ्यांवर आणि त्यांच्या भोवतालच्या कवचावर विद्युत विभवाची असमान ठिगळं होती. त्यामुळे अक्ष किंचित ढळत होता आणि तो ढळ खऱ्या परिणामापासून वेगळा काढावा लागला.

आता 1962 मध्ये तिथे दाखल झालेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यानं काय करायचं? चाळीस वर्षं पदवीची वाट बघायची? बेंजामिन लँग यांनी काय केलं ते पाहा. उपग्रहाच्या पोटात एक गोळा मोकळा तरंगत ठेवायचा, गोळा कुठे सरकतोय ते मोजायचं आणि छोट्या थ्रस्टरनं (यानाला रेटा देणाऱ्या इंजिनानं) उपग्रहालाच त्या गोळ्यामागे न्यायचं. वातावरणाचं विरळ घर्षण आणि सूर्यप्रकाशाचा दाब बाहेरचं कवच सोसतं, आतला गोळा फक्त गुरुत्वाकर्षणाच्या ताब्यात राहतो. हा ‘घर्षणमुक्त उपग्रह’ लँग यांनी 1964 मध्ये सविस्तर मांडला. ग्रॅव्हिटी प्रोब बी उडाली नसती तरी हे काम स्वतःच्या पायावर उभं होतं. 1972 मध्ये ट्रायड उपग्रहावर स्टॅनफर्डनंच बनवलेल्या उपकरणानं ते कक्षेत चालूनही दाखवलं, आणि डिसेंबर 2015 मध्ये सुटलेल्या लिसा पाथफाइंडर या युरोपीय यानाच्या मुळाशीही तीच कल्पना आहे.

म्हणून माझ्या गटात कोणताही प्रबंधविषय ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: मोहीम उद्या रद्द झाली तर या प्रबंधात काय उरतं? ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तर ते काम अभियंत्याला पगार देऊन करून घ्यायचं. विद्यार्थ्याच्या गळ्यात मारायचं नाही.

विषयानुसार हा ताण कमी-जास्त होतो. मार्गदर्शन, कक्षागणित, दिशानियंत्रण या विषयांत कागद, संगणक आणि डोकं एवढ्यावर बरंच चालतं, आणि काम लवकर वापरातही येऊ शकतं. बझ ऑल्ड्रिन यांनी 1963 मध्ये एमआयटीत कक्षेतल्या भेटीवर, म्हणजे एका यानानं दुसऱ्याला गाठण्यावर, डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. तीन वर्षांनी जेमिनी 12 मध्ये रडारनं दगा दिला तेव्हा त्यांनी सेक्स्टंट (कोन मोजायचं उपकरण) आणि तक्त्यांच्या मदतीनं समोरचं यान गाठायला हातभार लावला. स्वतःच्या प्रबंधाचा असा उपयोग स्वतःच करायला मिळणं हे भाग्य मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, त्यावर विसंबू नका.

तुमचा विषय प्रणोदन. इथे घोडं सावकाश चालतं. हॅरल्ड कॉफमन यांनी नासाच्या लुईस केंद्रात 1959 मध्ये इलेक्ट्रॉन-आघातानं आयन (विद्युतभारित अणू) तयार करणारा थ्रस्टर चालवला. 1964 मध्ये सर्ट-1 या छोट्या उड्डाणात तो अवकाशात अर्धा तास चालला. त्या जातीचं इंजिन मुख्य प्रणोदन म्हणून दूरच्या मोहिमेवर गेलं ते डीप स्पेस 1 वर, ऑक्टोबर 1998 मध्ये. मध्ये चौतीस वर्षं! कॉफमन तोवर काय करत होते? 1974 मध्ये नासातून बाहेर पडून ते कोलोराडो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि तोच आयनांचा झोत पातळ थर चढवायला आणि पृष्ठभाग कोरायला उद्योगात वापरात आला. यान उडत नव्हतं, पण भौतिकी थांबलेली नव्हती. तुमच्या विषयाला असा दुसरा दरवाजा आहे का, हे आजच शोधून ठेवा. प्लाझ्माच्या (विद्युतभारित वायूच्या) माणसाला तो बहुधा असतोच.

तंत्रज्ञान किती पिकलं आहे हे सांगायला आमच्याकडे टीआरएल (तंत्रज्ञान-सज्जता पातळी) नावाची पट्टी आहे. नासाच्या स्टॅन सॅडिन यांनी 1974 मध्ये ती सात पायऱ्यांची मांडली, नंतर नऊ झाल्या. पहिली पायरी म्हणजे मूळ तत्त्व दिसलं, नववी म्हणजे मोहिमेवर चालून दाखवलं. विद्यापीठाला पहिल्या तीन-चार पायऱ्यांसाठी पैसा मिळतो, कारण त्याला विज्ञान म्हणता येतं. सातव्यापासून पुढे कंपनी आणि मोहीम पैसा घालते. मधल्या पाच आणि सहाला कुणी वाली नसतो. तिथे कंपनयंत्रावर हादरवणं, गरम-थंड चक्रं, हजारो तास चालवून झीज मोजणं अशी खर्चिक आणि कंटाळवाणी कामं असतात, ज्यांतून फारसे पेपर निघत नाहीत. बहुतेक चांगल्या कल्पना इथेच मरतात. माझा स्वार्थी सल्ला: नोकरी पक्की होईपर्यंत तिथे एकट्यानं शिरू नका. त्यानंतर मात्र मुद्दाम शिरा, कारण तिथे जो शिरतो त्याला मोहिमा आखणारे लोक नावानं ओळखू लागतात.

आता प्रयोगशाळा. या पेशाचा निम्मा काळ इथे जातो आणि याबद्दल बाहेर सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून जरा रेंगाळतो.

हॉल थ्रस्टर घ्या: यात इलेक्ट्रॉनांना चुंबकक्षेत्रानं अडवून झेनॉनसारख्या वायूचे आयन करतात आणि ते विजेच्या बळावर वेगानं बाहेर फेकतात. रशियन बनावटीचा एसपीटी-100 सुमारे 1.35 किलोवॅट वीज खातो आणि सुमारे 83 मिलिन्यूटन जोर देतो, म्हणजे साडेआठ ग्रॅम वजनाएवढा. थ्रस्टर स्वतः काही किलोंचा, तोही तापलेला, वायूची नळी आणि जाड वायरी जोडलेला. या सगळ्याला निर्वात कक्षातल्या लोलकावर टांगून साडेआठ ग्रॅमचा रेटा मोजायचा, आणि तोही एक-दोन टक्क्यांच्या अचूकतेनं. वायरी तापल्या की त्यांचा ताठपणा बदलतो आणि लोलकाचं शून्य सरकतं. म्हणून कक्ष बंद असतानाच दोऱ्याला बांधलेली बारीक वजनं मोटरनं खाली सोडून पट्टी पुन्हा पुन्हा तपासायची. थ्रस्टर विझवल्यावर शून्य परत जागेवर आलं का तेही बघायचं. नव्या विद्यार्थ्याला मी जोराचा आलेख मागत नाही, आधी शून्याचा आलेख मागतो. तो पाहिला की बाकीच्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

एवढं करूनही आकडा खोटा असू शकतो. कक्षात उरलेला झेनॉनचा विरळ वायू थ्रस्टरच्या तोंडातून आत शिरतो, त्याचंही आयनीकरण होतं आणि फुकटचा जोर मिळतो. पंप कमजोर असेल तर थ्रस्टर उत्तम दिसतो! कक्षाच्या धातूच्या भिंती इलेक्ट्रॉनांना परतीची वाट देतात, ती वाट अवकाशात नसते. झोत समोरच्या ग्राफाइटच्या पत्र्यावर आदळून कार्बन उडतो आणि थ्रस्टरवरच बसतो, म्हणजे झीजही खरी आहे त्याहून कमी मोजली जाते. जमिनीवर मोजलेलं आणि कक्षेत घडणारं यांतला फरक हाच आज या क्षेत्रातल्या उत्तम प्रश्नांपैकी एक आहे. सोव्हिएत मिटिऑर उपग्रहावर हॉल थ्रस्टर पहिल्यांदा चालला 1972 मध्ये, आज स्टारलिंकच्या हजारो उपग्रहांवर ते आहेत, आधी क्रिप्टॉनवर आणि आता आर्गॉनवर चालणारे, आणि तरीही चुंबकक्षेत्र ओलांडून इलेक्ट्रॉन नेमके कसे जातात याचं समाधानकारक गणित आपल्याकडे नाही. प्रबंध शोधत असाल तर इकडे बघा. मोहीम रद्द झाली तरी हा प्रश्न उरतोच.

आणि बारीकसारीक गोष्टी, ज्या पुस्तकात एका ओळीत असतात आणि प्रत्यक्षात महिना खातात. पितळेचा नट निर्वातात जस्त सोडतो, कॅडमियम चढवलेला स्क्रू कॅडमियम सोडतो. दोन्ही प्रयोगशाळेच्या दाराबाहेर. बंद तळाच्या भोकात साधा स्क्रू पिळला की तळाशी हवा अडकते आणि दिवसभर थेंबथेंब बाहेर येत राहते. गळती शोधायला हेलियम फवारत बसा, काही सापडत नाही, कारण गळती आतूनच आहे. मधोमध छिद्र असलेला स्क्रू वापरायचा, एवढाच उपाय. हे सगळं ज्याच्या हातात मुरलेलं असतं तो प्राध्यापक नसतो, तो प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ असतो. विद्यार्थी चार-पाच वर्षांत जातात, तंत्रज्ञ राहतो. गटाची स्मरणशक्ती त्याच्याकडे असते.

पेपर, परिषदा, पुनरावलोकन याबद्दल फार सांगत नाही, ते तुम्ही पीएच.डी.त पाहिलेलंच आहे. एकच गोष्ट: आमच्या क्षेत्रात महत्त्वाची चर्चा परिषदांमध्ये होते, पण निवड समितीत बसलेले इतर विभागांचे लोक नियतकालिकंच मोजतात. परिषदेचा लेख तसाच पडू देऊ नका, वर्षभरात त्याला नियतकालिकात पोहोचवा.

विद्यार्थी-उपग्रहाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नोकरी लागल्याच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थी दारात येऊन उभे राहतील, म्हणून सांगतो. जोर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज या दोन प्राध्यापकांनी 1999 मध्ये क्यूबसॅटचं माप ठरवलं: दहा सेंटिमीटरचा घन, वजन साधारण एक किलो. हेतू सरळ होता, विद्यार्थी शिकत असतानाच उपग्रह पुरा व्हावा. म्हणजे ते तीन वेळापत्रकांचं भांडण त्यांनी उपग्रहाचा आकार कापून सोडवलं. जून 2003 मध्ये पहिली तुकडी उडाली, आणि त्यातला टोकियो विद्यापीठाचा क्षी-4 अनेक वर्षं बोलत राहिला. पण पहिल्यांदाच उपग्रह करणाऱ्या विद्यापीठांचे बरेच उपग्रह वर जाऊन गप्पच बसतात. सेंट लुइस विद्यापीठाचे मायकेल स्वॉर्टवाउट हा हिशेब वर्षानुवर्षं ठेवत आले आहेत. कारणं बहुधा रोमांचक नसतात: वीज, रेडिओ, आणि संपूर्ण उपग्रह जोडून सलग काही आठवडे चालवून न पाहणं. शेवटच्या चाचण्यांचा वेळ आधीच्या उशिरांनी खाल्लेला असतो. रेडिओच्या वारंवारितेचा अर्ज तर पहिल्या महिन्यातच करा. परवानगी नसेल तर तयार उपग्रहही जमिनीवरच राहतो.

उपग्रह करायचाच असेल तर इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. मार्टिन स्वीटिंग आणि सहकाऱ्यांचा यूओसॅट-1 ऑक्टोबर 1981 मध्ये उडाला. एप्रिल 1982 मध्ये त्याचे दोन्ही रेडिओ-प्रक्षेपक (ट्रान्समीटर) एकदम चालू राहिले आणि त्यांच्याच गोंगाटात उपग्रहाचा स्वतःचा रेडिओ-ग्राहक (रिसीव्हर) बहिरा झाला, जमिनीवरचे आदेश त्याला ऐकू येईनात. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे 46 मीटर व्यासाच्या तबकडीतून जोरदार संदेश पाठवून त्यांनी तो परत ताब्यात घेतला. पाच महिने चिकाटी सोडली नाही. पुढे 1985 मध्ये त्याच गटातून कंपनी उभी राहिली. माझ्या मते त्या पाच महिन्यांत त्या गटाला जे शिकायला मिळालं ते सुरळीत चाललेल्या उपग्रहातून मिळालं नसतं.

आधी अंतराळ संस्थेत किंवा कंपनीत जावं का? दोन-चार वर्षं, हो. यंत्रणा एकमेकांशी जोडताना काय बिघडतं, बदलाची नोंद का ठेवायची, गुणवत्तेचा माणूस सही का नाकारतो, हे विद्यापीठात शिकता येत नाही. पण पेपर पूर्ण थांबू देऊ नका, नाहीतर परतीची वाट अरुंद होते. फार लांबलं की पगाराची आणि मोठ्या चमूची सवय लागते, मग दोन विद्यार्थी आणि एक जुना पंप घेऊन सुरुवात करायची उमेद राहत नाही. शिवाय तिथे केलेलं काम गोपनीय असेल तर अर्जात दाखवायला हाती काहीच नसतं. तेव्हा आत शिरतानाच विचारून घ्या की काय प्रसिद्ध करता येईल.

याच्याच जोडीला निर्यातनियंत्रण. थ्रस्टर, तारामापक (ताऱ्यांवरून यानाची दिशा ओळखणारं उपकरण), प्रारणरोधक चिप या वस्तू अनेक देशांत संरक्षणाच्या यादीत मोडतात. अमेरिकेत 1999 मध्ये व्यापारी दळणवळण उपग्रहही शस्त्रास्त्रांच्या नियमांखाली गेले, 2014 मध्ये बरेच उपग्रह त्यातून बाहेर आले. मधल्या काळात तिथल्या प्राध्यापकांना परदेशी विद्यार्थ्याला कोणत्या खोलीत बसवायचं इथपासून विचार करावा लागे. तुम्ही जिथे जाल तिथले नियम अर्ज करण्याआधी वाचा. तुमचं नागरिकत्व आणि तुमचा विषय ही जोडी काही दारं मुळातच बंद करते, आणि याबद्दल नोकरीच्या जाहिरातीत चकार शब्द नसतो.

दिवसाचं म्हणाल तर शिकवणं, प्रपोजल, विद्यार्थ्यांबरोबर बसणं, खरेदीचे कागद. स्वतः हातात पाना धरायची वेळ वर्षागणिक कमी होत जाते आणि हे बहुतेकांना सलतं. मलाही. पण उपकरणाशी इतकी जवळीक टिकवून ठेवणारे प्राध्यापकही आहेत. जपानचं हायाबुसा यान 2009 च्या नोव्हेंबरमध्ये परतीच्या वाटेवर होतं आणि त्याची आयन इंजिनं एकेक करून थकली होती. हितोशी कुनिनाका यांच्या गटानं एका इंजिनाचा आयनस्रोत आणि दुसऱ्याचा न्यूट्रलायझर (झोताचा विद्युतभार शमवणारा भाग) जोडून एक चालतं इंजिन केलं. असं जोडता आलं कारण त्यासाठी लागणारा एक डायोड त्यांनी उड्डाणाआधीच मंडलात टाकून ठेवला होता. 13 जून 2010 ला यान लघुग्रहाची धूळ घेऊन परतलं. ही मंडळी मायक्रोवेव्हवर चालणाऱ्या त्या इंजिनामागे त्याआधी वर्षानुवर्षं होती. तुम्हाला विषय बदलत राहायची हौस असेल तर हरकत नाही, पण एखादं उपकरण तरी असं धरा की त्यातली प्रत्येक वायर तुम्हाला ठाऊक असेल.

मुलाखतीनंतर विद्यापीठानं बोलावलं तर सही करण्याआधी काही गोष्टी लेखी घ्या. निर्वात कक्षाचं वजन पेलणारी तळमजल्याची जागा. तीन-फेज वीज आणि थंड पाणी किती मिळेल, आणि बिल कोण भरेल. क्रायोपंपाच्या (अतिथंड पृष्ठभागावर वायू गोठवून निर्वात करणाऱ्या पंपाच्या) देखभालीचा वार्षिक खर्च सुरुवातीच्या निधीतून की तुमच्या ग्रँटमधून. पहिली दोन वर्षं शिकवण्याचा भार किती. कक्ष मागवल्यापासून पहिला प्रयोग होईपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात, तेव्हा पदोन्नतीचा काळ त्या दिवसापासून मोजता येईल का हेही विचारा. बहुतेक जण नाही म्हणतील, तरी विचारा. आणि तंत्रज्ञाचा पगार. तो विभागाच्या अंदाजपत्रकात कायमचा आहे की तुमच्या ग्रँटवर, हे स्पष्ट नसेल तर मी दुसरी जागा बघेन.